बार्शी लाईट रेल्वे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्शी लाईटबद्दल काही लिहिलं की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. कुणाचे आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात होते, कुणाचं आजोळ पांगरीला, कुणाला फक्त लातूरची पाण्याची गाडी आठवते. म्हणून सगळे प्रश्न एकत्र करून क्रमाने लावले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बार्शी लाईट म्हणजे नेमकी कोणती रेल्वे? आत्ताची लातूर गाडी तीच का?

मिरजेपासून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशीमार्गे लातूरपर्यंत जाणारी अडीच फुटी नॅरोगेज रेल्वे म्हणजे बार्शी लाईट. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर; नॅरो सगळ्यात अरुंद, मग मीटर, आणि ब्रॉड सगळ्यात रुंद. पूर्ण झाल्यावर तिची लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर होती. कंपनी खासगी आणि विलायतेत नोंदलेली, पण कारभाराचं मुख्य ठिकाण कुर्डुवाडी. आज त्याच वाटेवर मध्य रेल्वेची ब्रॉडगेज लाईन आहे. थोडक्यात, वाट बव्हंशी तीच आहे, पण रूळ, डबे आणि इंजिनं यांतलं काहीच उरलेलं नाही. फरक कुठे पडला ते प्रश्न १३ मध्ये आहे.

२. मुंबई–सोलापूर लाईन जवळून जात असताना बार्शीला वेगळी रेल्वे कशाला?

"जवळून" या शब्दातच सगळी अडचण होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची, मुख्य लाईन १८५९-६० च्या सुमारास इकडे आली. तिला सोलापूर गाठून पुढे रायचूरमार्गे मद्रासकडे जायचं होतं, त्यामुळे बार्शी बाजूला पडली. बार्शीसाठी जे स्टेशन झालं त्याचं नाव "बार्शी रोड". तेच आजचं कुर्डुवाडी. रेल्वेच्या भाषेत स्टेशनच्या नावापुढे "रोड" लागला की गाव अजून लांब आहे असं समजायचं. इथे ते अंतर २१ मैल होतं.

बार्शी ही कापसाची, धान्याची मोठी पेठ. मराठवाड्यातून बालाघाटाचा डोंगर उतरून येणारा माल इथे जमा व्हायचा. तो पुढे बार्शी रोडला न्यायचा तर बैलगाडी हाच उपाय. सुगीच्या दिवसांत त्या रस्त्यावर गाड्यांची रांग, धुळीत माखलेल्या गाठी, आणि अवकाळी पाऊस आला की काळ्या मातीत रुतलेली चाकं. ज्याने काळ्या रानात बैलगाडी हाकली आहे त्याला २१ मैल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

३. ही रेल्वे कुणाच्या डोक्यातून आली?

एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या. जन्म १८५७ चा. इंग्लंडमध्ये इंजिनांच्या कारखान्यांत उमेदवारी करून तो १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुख्य लाईनपासून दूर राहिलेल्या गावांना स्वस्तात रेल्वे कशी देता येईल, या एकाच विचाराने त्याला झपाटलं होतं. त्यासाठी त्याने खटपट करून १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली.

याच माणसाने पुढे विमानातून उडी मारण्याची हवाई छत्री तयार केली. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान अपघातात गेला. त्यानंतर काल्थ्रॉप या कामामागे लागला. त्या छत्रीचं नाव "गार्डियन एंजल". पण रेल्वेच्या इतिहासात त्याचं नाव राहिलं ते बार्शीमुळे.

४. "लाईट" म्हणजे हलक्या दर्जाची, कमी पैशात उरकलेली रेल्वे ना?

नाही. हा गैरसमज मला सगळ्यात जास्त टोचतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

रुळाला भार सोसायचा असतो तो एका आसाचा, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या एका दांड्याचा. त्या काळी बहुतेक रेल्वेंचं इंजिन जड असे आणि डबे त्या मानाने हलके. मग इंजिनाच्या वजनासाठी जाड रूळ घालावे लागत. त्या रुळांवरून दिवसभर हलके डबे जात, म्हणजे रुळांत घातलेला निम्मा पैसा फुकट. काल्थ्रॉपने हिशेब उलटा मांडला. आधी ठरवलं की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही. मग इंजिन असो, माणसांचा डबा असो की मालाची वाघीण, सगळं त्या पाच टनांत बसेल असंच घडवलं. वाघिणी पुरेपूर भरल्या की त्यांचा भारही आसामागे पाच टनांपर्यंत जाई, इंजिनाचाही तेवढाच. रुळाची ताकद वाया म्हणून जायची नाही.

त्यामुळे रूळ लागले फक्त ३० पौंडी. म्हणजे एक वार लांबीचं वजन ३० पौंड, आपल्या मापात मीटरला सुमारे १५ किलो. आजच्या मुख्य लाईनवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. १५ किलोचा मीटरभर तुकडा एक माणूस सहज उचलतो, साठ किलोच्याला दोघं लागतात.

पाच टनांत ताकदवान इंजिन बसवायचं तर वजन जास्त चाकांवर वाटायला हवं. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना ओढणारी आठ चाकं आणि मागे आधाराची चार चाकं होती. एकूण सहा आस, प्रत्येकी पाच टनांच्या आसपास. डबे आणि वाघिणी दाबीव पोलादी सांगाड्याच्या, दोन बोगींवर, म्हणजे डब्याखाली वळणाऱ्या चाकांच्या गाड्यांवर, तोललेल्या. त्या काळच्या चारचाकी वाघिणींच्या तुलनेत हे फार पुढचं काम होतं. हे सगळं इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ रूळ टाकून तिथल्या अभियंत्यांना चालवून दाखवलं होतं.

तेव्हा "लाईट" म्हणजे मापात कापलेली. नेमकं जेवढं हवं तेवढंच.

५. मग अडीच फुटीच का? माथेरानसारखी दोन फुटी किंवा सरळ मीटरगेज का नाही?

माथेरानची गाडी ६१० मिलिमीटरच्या, म्हणजे दोन फुटी रुळावर चालते. बार्शीची होती ७६२ मिलिमीटरची, अडीच फुटी. फरक वीतभराचाही नाही, पण त्या अर्ध्या फुटात डबा बराच रुंद करता येतो आणि बोगीला नीट बसक मिळते. डोंगरातल्या नागमोडी वळणांना दोन फुटी बरी. इथे मोकळं माळरान आणि जड माल होता. मीटरगेज घातली असती तर पूल, भराव, रूळ सगळंच महाग झालं असतं, आणि कुर्डुवाडीला माल तरीही उतरवावा लागलाच असता, कारण मुख्य लाईन ब्रॉडगेज. तो त्रास टळणारच नव्हता, मग जास्त पैसे का घाला?

६. लाईन कोणत्या टप्प्यांत वाढली?

१८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी. १९०६ मध्ये दुसऱ्या बाजूला पंढरपूर. त्याच सुमारास बार्शीकडून पुढे पांगरी, येडशीमार्गे तडवळ्याच्या दिशेने काम सरकलं आणि १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली. शेवटचा मोठा टप्पा पंढरपूर ते मिरज, सांगोला आणि कवठेमहांकाळमार्गे, १९२७ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये काल्थ्रॉप वारला.

तीस वर्षांत सव्वातीनशे किलोमीटर. कुर्डुवाडी आणि मिरज सोडलं तर या सगळ्या मुलखात तेव्हा दुसरी रेल्वे नव्हती.

७. पंढरपूरचा फाटा फक्त वारकऱ्यांसाठी काढला का?

वारकरी हे मुख्य कारण, यात शंका नाही. १९०६ च्या आधी रेल्वेने येणारा वारकरी बार्शी रोडला उतरे आणि पुढचे पन्नासेक किलोमीटर चालत किंवा बैलगाडीने जाई. मोडनिंब, आष्टी करत गाडी थेट पंढरपुराला जाऊ लागल्यावर म्हाताऱ्याकोताऱ्यांची मोठी सोय झाली.

पण धंद्याच्या बाजूनेही हे गणित चोख होतं. कापसाचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. आषाढात शेतकरी पेरणीच्या धावपळीत आणि पेठा थंड. नेमकी तेव्हाच आषाढी यायची. माल नसेल तेव्हा माणसं, माणसं नसतील तेव्हा माल. लहान कंपनीला वर्षभर इंजिनं राबती ठेवायला याहून चांगली जोडी मिळाली नसती.

मी स्वतः लहानपणी या गाडीने पंढरपूरला गेलोय. समोरच्या बाकावरच्या माणसाच्या गुडघ्याला गुडघा लागायचा आणि डब्यात कुणीतरी टाळ काढला की सगळा डबा त्या ठेक्यावर यायचा.

८. बार्शी इंग्रजांकडे, लातूर निजामाकडे. मग गाडी हद्द कशी ओलांडायची?

बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. पांगरीच्या पुढे बालाघाट चढून येडशीला पोचलं की निजामाचं राज्य. रूळ सलग होते, पण राज्यं दोन होती. पलीकडे निजामाची स्वतःची जकात होती, तिला लोक करोडगिरी म्हणत. चलनही वेगळं, हाली सिक्का. लातूरचा व्यापारी बार्शीत माल विकायचा तर दोन वेगळ्या रुपयांचा हिशेब डोक्यात ठेवायचा. दुसऱ्या टोकाला मिरज हे संस्थान. म्हणजे एकाच कंपनीची गाडी तीन राजवटींतून धावत होती.

१९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात याच सरहद्दीवर, बार्शीच्या आसपास, स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या होत्या. येडशी, तडवळे, ढोकी ही रेल्वेची गावं हद्दीच्या अगदी लगतची. या भागातल्या घरांत त्या दिवसांच्या आठवणी अजून निघतात आणि त्यांत रेल्वे असतेच.

९. कुर्डुवाडीला माल उतरवून पुन्हा चढवायचे म्हणजे नेमकं काय करायचे?

दोन गेज शेजारी आले की वाघीण पुढे जाऊ शकत नाही, तिच्यातला माल जातो. धक्क्याच्या एका बाजूला बार्शी लाईटची ठेंगणी वाघीण, दुसऱ्या बाजूला जीआयपीची उंच वाघीण. मधे हमाल. रुईची दाबलेली गाठ म्हणजे पावणेदोनशे किलोच्या घरातलं धूड, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं. हातातला आकडा गाठीत रुतवायचा, कलती करायची, फळीवरून लोटत पलीकडे न्यायची आणि पुन्हा उभी करायची. मग पुढची. एक मोठी वाघीण भरायला लहान वाघिणी एकापेक्षा जास्त लागत, त्यामुळे टोळीचा मुकादम दोन्हीकडच्या गाठी मोजत उभा. एक गाठ कमी भरली तर सगळी रास परत मोजायची.

कुर्डुवाडी गावाची वाढच या कामावर झाली. इथे दोन रेल्वे भेटत होत्या, वर्कशॉप होतं, रेल्वेच्या चाळी होत्या. बार्शी रोड हे नाव मागे पडलं आणि गाव स्वतःच्या नावाने मोठं झालं.

१०. मिरजेला एके काळी तिन्ही गेज होते हे खरं का?

खरं आहे. बार्शी लाईट १९२७ मध्ये मिरजेत आली तेव्हा तिथे पुणे–बंगळूर मीटरगेज होती. १९७१ मध्ये पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज झाली, बंगळूरकडची बाजू मीटरच राहिली, आणि नॅरो तर होतीच. पुढची काही वर्षं एकाच स्टेशनात १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर अशी तिन्ही मापं नांदत होती. भारतात असं फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळालं.

११. शकुंतला रेल्वे आणि बार्शी लाईट एकच का? बार्शीचे पैसेही इंग्रज कंपनीला जायचे का?

दोन्ही वेगळ्या. शकुंतला विदर्भातली, यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर. गेज तेवढा सारखा, अडीच फुटी. शकुंतलेची मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडे राहिली, म्हणून तिच्याबद्दल तशा गोष्टी सांगितल्या जातात. बार्शी लाईटच्या बाबतीत हा प्रश्न १९५४ मध्येच संपला. त्या वर्षी सरकारने ती विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. मध्य रेल्वे स्वतः १९५१ ची, म्हणजे इतर रेल्वे एकत्र झाल्यावरही काही काळ बार्शी लाईट कंपनीचीच होती.

१२. इंग्लंडमध्ये बार्शीची नक्कल केलेली रेल्वे होती असं ऐकलं. अफवा आहे का?

अफवा नाही. स्टॅफर्डशायरमध्ये १९०४ साली लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लहान रेल्वे सुरू झाली. अभियंता काल्थ्रॉपच, गेजही अडीच फुटीच. बार्शीचा अनुभव त्याने थेट तिकडे नेला. त्या इंजिनांच्या पुढे हिंदुस्थानी पद्धतीचे मोठे दिवे बसवले होते, आणि दोनांपैकी एका इंजिनाला काल्थ्रॉपचंच नाव होतं. ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली आणि आता तिच्या वाटेवर लोक पायी आणि सायकलने फिरतात. आपली त्यानंतरही सत्तर वर्षं चालली. विलायतेचं पाहून आपण केलं, असंच आपल्याला ऐकायची सवय. इथे आधी बार्शी आणि मग स्टॅफर्डशायर.

१३. ब्रॉडगेज कधी झाली? धाराशिवला आधी स्टेशन नव्हतं का?

देशभर एकच गेज करण्याचं धोरण १९९२ मध्ये आलं आणि त्यात या लाईनचा नंबर लागला. कुर्डुवाडी–पंढरपूर हा भाग या शतकाच्या सुरुवातीला बदलला. लातूर–धाराशिव २००७ मध्ये, धाराशिव–कुर्डुवाडी २००८ मध्ये. सर्वांत शेवटी पंढरपूर–मिरज.

आणि हो, जुन्या लाईनवर धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) नव्हतं. जिल्ह्याचं ठिकाण असूनही तिथल्या माणसाला गाडी पकडायला येडशी गाठावं लागे. ब्रॉडगेज करताना आखणी वळवून शहराला स्टेशन दिलं. शंभर वर्षं ज्या गावाला बाजूला टाकलं होतं ते रुळावर आलं, आणि माझ्या मते गेज बदलण्याइतकंच हे काम मोठं होतं. लातूरलाही बदल झाला. नवं स्टेशन वेगळ्या जागी आहे आणि शहरातली जुनी जागा अजून "जुनं रेल्वे स्टेशन" म्हणूनच ओळखली जाते.

१४. २०१६ ची लातूरची पाण्याची गाडी याच वाटेने गेली होती का?

हो. मांजरा धरण आटलं आणि लातूर शहराला पाणी उरलं नाही तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टँकर वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर. सुमारे ३४० किलोमीटर. काल्थ्रॉपच्या कंपनीने जोडलेली दोन टोकं.

त्या गाडीच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या, पण ही वाट कापसासाठी आणि वारकऱ्यांसाठी आधी काढलेली होती हे फारसं कुणी सांगितलं नाही. ओल्या कृष्णाकाठापासून कोरड्या मांजराकाठापर्यंत जाणारा सलग रूळ त्या उन्हाळ्यात हाताशी होता तो याच लाईनमुळे.

१५. मग नॅरोगेज मोडली ते बरंच झालं म्हणायचं का?

माझं मन दोन्हीकडे ओढतं, पण उत्तर "हो" असंच आहे. पाण्याच्या त्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून आणल्या होत्या. गेज वेगळा असता तर त्या मिरजेच्या पुढे हलल्याच नसत्या. सांगोल्याचं डाळिंब घ्या. २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला गेली. नॅरोगेज असती तर डाळिंब कुर्डुवाडीच्या धक्क्यावर हाताने पलटी करावं लागलं असतं (प्रश्न ९), आणि अशी नाजूक फळं तो धक्का सोसत नाहीत.

खंत आहे ती वेगळी. बदलताना दहा-पंधरा किलोमीटरचा एखादा तुकडा, एक चालतं इंजिन आणि चार डबे राखून ठेवता आले असते. येडशीजवळ रामलिंगच्या दरीतून पावसाळ्यात ती गाडी चालवली असती तर लोक लांबून आले असते. लीक अँड मॅनिफोल्डवाल्यांनी निदान वाट तरी जपली.

१६. जुन्या लाईनचं आता काय पाहायला मिळतं? घरातला रुळाचा तुकडा बार्शी लाईटचाच आहे हे कसं ओळखायचं?

कुर्डुवाडीचं वर्कशॉप पाहा, बाहेरून तरी. जिथे नवी लाईन जुन्या वाटेपासून बाजूला गेली आहे तिथे रानातून जाणारा एक अरुंद, सरळ भराव दिसतो, दोन्ही अंगांना बाभळी आणि मधे कुठे एखादी दगडी मोरी. शेतातली वाट इतकी सरळ आणि इतक्या हलक्या चढाची नसते. तेवढ्यावरून ओळखता येतं.

रुळाच्या तुकड्याचं म्हणाल तर या भागात गोठ्याच्या खांबाला, विहिरीच्या रहाटाला, दाराच्या वरच्या तुळईला जुने रूळ लावलेले दिसतात. आधी माप घ्या. एक मीटर तुकड्याचं वजन पंधरा किलोच्या आसपास भरलं तर तो ३० पौंडी आहे, आणि या मुलखात ३० पौंडी रूळ शक्यतो बार्शी लाईटचाच. मग रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर हात फिरवा. गंज खरवडला की रूळ लाटताना उठवलेली अक्षरं लागतात, बहुधा कारखान्याचं नाव आणि साल. कोळशाने कागदावर घासून त्यांचा ठसा घ्या आणि फोटो काढून ठेवा. तुकडा भंगारात घालू नका.